करंज तेलाचा आळ

बारक्या,

हात धुऊन लिहायला बसलोय असं तुला वाटत असेल, तर धुतलेत, चार वेळा धुतलेत. राखेनं, चिंचेनं, रिठ्यानं, आणि शेवटी बायकोनं लपवून ठेवलेला कपड्याचा साबण शोधून काढून त्यानं. वास जात नाही. भाकरीला वास, तंबाखूला वास, या कागदाला वास. काल म्हैस माझ्या हातची पेंड खायला आली, हात हुंगला आणि पाठ फिरवून उभी राहिली. आमच्या घरात माझ्याशी एवढं स्पष्ट वागणारी ती पहिलीच. कारण सांगतो. पोटमाळ्यावरून ते बोटीचं इंजन मी खाली काढलंय आणि चार दिवस त्याची टाकी, नळी, वाटी उघडून बसलो होतो. एकटा. तू मरायला हीच वेळ शोधलीस.

इतका किळसवाणा उद्योग माणसानं एकट्यानं करू नये. दोघं असले की एकानं उमासा आवरायचा आणि दुसऱ्यानं त्याला हसायचं. मागच्या खेपेला तो हसणारा तू होतास.

लढाई संपून कल्याणच्या छावणीतला मोडका माल विकायला निघाला तेव्हा त्या ढिगाऱ्यात मला हे दिसलं. वर वाटोळी टाकी, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पितळी पंखा. होडीच्या पाठीला अडकवायचं इंजन. माझ्या सर्विस मोटारीच्या टपावर बांधून आणलं आणि नेरळपासून खोपोलीपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत आलो की हे पाणबुडीचं आहे, जपानपर्यंत जाऊन आलंय. लोकांनी हात जोडले. कडावच्या एका म्हातारीनं त्याला हळदकुंकू वाहिलं. तू मात्र एकदा पाहिलंस आणि म्हणालास, "ह्येला शेपटी हाय, तोंड नाय."

हे आणण्यामागचं खरं कारण कोंडू नावाडी, ते तुला आणि मलाच माहीत. साजगावच्या खाली नदीवर त्याची होडी. वीजघरातून सोडलेल्या पाण्यामुळे ती नदी बारा महिने वाहते, म्हणून कोंडूला बारा महिने वल्हं. त्याचा उजवा खांदा निखळला, वैदूनं बसवला तो अर्धवट. धारेला वल्हं मारताना कोंडू दात खायचा, आणि तो आवाज पैलतीरावर ऐकू यायचा. ह्यात मी काही वाढवलेलं नाही. आपण दोघांनी मिळून ऐकला होता.

कर्जतला तुझ्या पडवीत आपण ते उघडलं. टोपण हरवलेलं, तोंडात चिंधी कोंबलेली. चिंधी ओढली आणि जो भपका आला त्यानं तुझं कुत्रं उठून भिसेगावाच्या दिशेला गेलं.

"ह्यात काय मेलंय रं?" तू विचारलंस.

"पेट्रोल."

"पेट्रोल मरतं?"

"जुनं झालं की मरतं. तुझ्या वाफेसारखं नाय, उडून गेली की संपली."

"म्हनून म्हनतो वाफ बरी. मेली तरी मागं घान ठेवत नाय."

हे आपलं वीस वर्षांचं भांडण. तू नेरळच्या शेडमधला फिटर, माथेरानच्या छोट्या गाडीची इंजनं पोटात शिरून नीट करणारा. मी पेट्रोलचा माणूस. तुझ्या लेखी पेट्रोल म्हणजे चोरट्यांचं इंधन, कुठून आलं, कुठं गेलं, दिसत नाही. माझ्या लेखी वाफेचं इंजन म्हणजे चाकं लावलेला हंडा. घाटातल्या मोठ्या गाड्या विजेवर गेल्या तेव्हा तेवढं एक दिवस आपलं एकमत झालं, आणि दोघांनी मिळून विजेला शिव्या दिल्या.

टाकीच्या तळाशी बोटभर गाळ होता. फणसाचा चीक आठ दिवस उन्हात ठेवून त्यात कुणी काकवी ओतावी तसा. त्यात झुरळं. सात होती. मी आजवर सत्तर सांगत आलो, पण आता तू नाहीस, तर सातच. पेट्रोल खाली उतरायची रबरी नळी बोटानं दाबली तर शिजलेल्या आतड्यासारखी पिचली. पेट्रोल थेंबाथेंबानं साठतं ती पितळी वाटी उघडली, तर आतला बुचाच्या लाकडाचा तरंगता तुकडा ओल्या पावासारखा फुगून कुजलेला. तो तुकडा तरंगला तर वाटी भरली की पेट्रोल आपोआप थांबतं, बुडाला तर वाहतच राहतं. सगळं इंजन त्या तुकड्याच्या जिवावर, आणि तो नखानं उकरून काढावा लागला. तू तो नाकाजवळ नेलास. मी तोंड फिरवलं. तू म्हणालास, "शेडमदी बॉयलर उघडला की ह्यापेक्षा बरा वास येतो," आणि ज्या डब्यात तंबाखूची पिंक टाकत होतास त्याच डब्यात बाकीचे भाग भिजत घातलेस. सगळे तुला आता देवमाणूस म्हणतात. तो डबा मी त्यांना दाखवायला हवा.

टाकी धुवायची युक्ती तुझी. नदीतले गुळगुळीत खडे आणि रॉकेल आत घालायचं, तोंड बांधायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून बारशातल्या पाळण्यासारखी टाकी हलवायची. वहिनी चुलीपासून उठून दारात आली, पाहिलं आणि म्हणाली, "नाव काय ठेवताय?" सकाळपासून दुपारपर्यंत हलवली. आतलं रॉकेल ओतलं की काळं, पुन्हा हलवली की तपकिरी, पुन्हा हलवली की शेंबडासारखं. मग पेट्रोल उतरतंय का बघायला मी नवी नळी तोंडात धरून ओढली आणि घोटभर पोटात गेलं. तीन दिवस ढेकर येत होते. बायकोनं मला चुलीजवळ येऊ दिलं नाही, भडका उडेल म्हणाली.

आणि मग तुझे हात. हे मी कुठं सांगितलं नाही कधी, कारण ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पेट्रोलचा थेंब ज्या भोकातून येतो ते भोक केसाएवढं. ते तुंबलेलं. मी तार घातली. तू माझ्या हातावर फटका मारलास.

"तारेनं भोक मोठं व्हतं. भोक मोठं झालं की इंजन खादाड व्हतं."

"मग काय फुंकर मारू?"

"गप बस."

शेजारच्या गोठ्यात गेलास आणि बैलाच्या शेपटीचा एक केस उपटून आणलास. बैलानं लाथ मारली ती पोटरीवर घेऊन आलास. ज्या हातांनी तू मणभर वजनाचे पाने फिरवायचास त्याच बोटांत तो केस धरून अर्धा दिवस ते भोक साफ करत बसलास. कुजलेल्या तुकड्याच्या जागी पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा कोरलास, कारण पांगाऱ्याइतकं हलकं लाकूड आपल्या रानात नाही. त्याला सुताराकडची लाख पातळ करून तीन हात दिलेस. पाण्यात टाकून पाहिलास. बदकासारखा वर राहिला. तू हसलास, आणि मी पेट्रोलचा माणूस असून मला पांगारा का सुचला नाही याचा मला भयंकर राग आला.

आता तेलाचं. ह्या इंजनाला तेल वेगळं पाजत नाहीत, पेट्रोलातच कालवतात. पेट्रोल कुपनावर, आणि इंजनचं तेल तर कुपनावरसुद्धा नाही. तू म्हणालास, करंजाचं घाल. गाडीच्या आसाला चालतं, दिव्याला चालतं, ह्याला का नाय? धोतराच्या चौपदरी फडक्यातून तीन वेळा गाळलंस. करंज तेलाचा वास मला लहानपणापासून सोसत नाही, खरजेवर आई लावायची तेव्हापासून. ते पेट्रोलात कालवल्यावर जो वास निघाला, तो मी नरकातल्या स्वयंपाकघराचा म्हणून पुढं तीन वर्षं विकला. पण इंजन सुरू झालं. दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला तुझ्या पडवीत टांगलेलं ते शेपटीचं इंजन असं ओरडलं की पत्र्यावरची चिंच खाली पडली.

निघताना तू मला एकच गोष्ट सांगितलीस. नवं टोपण तूच शेडमधून घडवून आणलं होतंस, मधोमध सुईएवढं भोक पाडून.

"धर्मा, हे भोक उघडं ठेव. टाकीला श्वास लागतो. आत हवा नाय गेली तर पेट्रोल खाली उतरनार नाय."

"मला पेट्रोल शिकवतोस? तू जा, तुझा हंडा तापव."

हे माझे शब्द. जसेच्या तसे.

गौरीच्या आधीचा बाजाराचा दिवस होता. पाऊस असा की माणसाला माणूस दिसेना. आपल्याकडे पावसाळा म्हणजे भोकं बुजवायचा धंदा. कौलातलं भोक, भिंतीतलं भोक, होडीच्या फळ्यांतलं भोक, घुशीचं बीळ. भोक दिसलं की आपला हात आपोआप पुढं जातो. इंजन कोंडूच्या होडीला अडकवलं आणि मी पाहिलं, टोपणावर पाण्याचं तळं साचलंय आणि मध्ये ते भोक. पेट्रोलात पाणी गेलं की इंजन गेलं, हे मला कळत होतं. त्यावर इरल्याचा तुकडा बांधायचा सोडून कोंडूच्या मडक्यातली राळ, फळ्यांच्या फटीत भरायची ती, चिमूटभर घेतली आणि अंगठ्यानं दाबली. भोक बंद. वीस वर्षं मोटार चालवणाऱ्या माणसानं हे केलं. तू तेव्हा होडीच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या टोपल्या चढवत होतास.

होडीत चौदा माणसं होती. मी चाळीस सांगतो. एक कोंबडी होती, ती मात्र खरी. इंजन काय सुंदर चाललं रे. करंजाचा निळा धूर, सगळ्यांनी पदर आणि धोतराचे सोगे नाकाला लावलेले, एक म्हातारा होडीबाहेर ओकत होता, आणि कोंडू वल्हं मांडीवर घेऊन लहान पोरासारखा हसत होता. नदीच्या मधोमध आलो. इंजन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि गप्प. तू दोरी ओढलीस. ओढलीस. पुन्हा ओढलीस. होडी तिरकी झाली आणि धारेला लागली. बायकांनी देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. कोंडूनं वल्हं मारलं आणि त्याचा खांदा सगळ्यांसमोर निखळला.

लोकांना मी सांगतो की होडी आपट्याच्या खाडीपर्यंत गेली, तिथं मचव्यांनी आपल्याला सलाम केला. गेली होती ती तीन-चारशे हात, आणि पाण्यात बुडालेल्या उंबराच्या फांद्यांत अडकली. काठावरच्या लोकांनी दोर टाकून ओढलं. कुणी गेलं नाही. एकाचं भाताचं पोतं भिजलं आणि कोंबडी उडून गेली. पण पाय चिखलाला लागल्यावर सगळे एकच विचारत होते, कशानं झालं? त्यांत खालापूरचा गिरणीवाला शेठ होता, ज्याच्या भाताच्या गिरणीचं ऑईल इंजन तू रविवारी नीट करायचास.

मी भ्यालो होतो, बारक्या. माझ्या मोटारीत रोज हीच माणसं बसायची. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "करंज. इंजनला ह्यानं करंज पाजलं. इंजनला खरूज झाली होती का?"

एवढ्या भीतीनंतर लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. असे हसले की काहींना खाली बसावं लागलं. सगळे तुझ्याकडे पाहत होते. तुझे हात काळे, अंगाला तोच वास. तू माझ्याकडे पाहिलंस. मग टाकीकडे. मग म्हणालास, "असंल."

संध्याकाळी इंजन उतरवताना मी टोपण फिरवलं आणि टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. बुडता माणूस वर आल्यावर ओढतो तशी. तेव्हा मला कळलं. राळेची गोळी मी नखानं काढली, नदीत टाकली, आणि इंजन गोणपाटात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलं. त्या इंजनात काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच तेल घालून, टोपणाचं भोक उघडं ठेवून नदीवर नेलं असतं तर शंभर फेऱ्या मारल्या असत्या. म्हणूनच नेलं नाही. ते चाललं असतं तर गोष्ट मेली असती. तीन वर्षं कोंडूनं त्या खांद्यानं वल्हं मारलं, मी पुलावरून मोटार नेताना खाली पाहायचं टाळलं, आणि कर्जतच्या मोटारतळावर उतारू जमले की करंजाची गोष्ट सांगितली. मला आता त्या आवाजाची शिसारी येते. माझ्याच.

गिरणीवाल्यानं तुला बोलावणं बंद केलं. शेडमध्ये तू आत आलास की लोक नाक धरायचे. तुझं नाव करंज्या पडलं. आणि तू काय करायचास? माझी गोष्ट चालू असली की मागं उभा राहून शेवटपर्यंत ऐकायचास आणि म्हणायचास, "मागल्या येळी होडी पनवेलपातूर गेलती. आता आपट्यालाच थांबवलीस का?" लोक आणखी हसायचे. मला वाटायचं, तुला कळलेलं नाही. मला वाटायचं, वाफेचा माणूस, त्याला टोपणाचं काय कळतंय. टोपण तूच घडवलं होतंस आणि मला असं वाटायचं. माणूस स्वतःला किती घाण खाऊ घालू शकतो, आणि ढेकरही देत नाही.

मग तुला ताप आला. मी भेटायला आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. म्हणालास, "बस. सांग कायतरी." मी सांगायचं ठरवून आलो होतो. खरं सांगतो, रस्ताभर शब्द जुळवत आलो होतो. आणि बसल्यावर मी तुला काय सांगितलं? खोपोलीच्या घाटात माझ्या मोटारीच्या पुढं वाघ कसा चालत होता ते. तू हसलास, खोकलास, झोपलास. त्या वाघाचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा कशाचाच नाही.

तुझ्या तेराव्याला पंगत बसली. पहिल्या वाढीला सगळे गंभीर होते, दुसऱ्या वाढीला सैलावले. माझ्यासमोर गिरणीवाला शेठ, गालात लाडू, ओठावर तूप. म्हणाला, "डायवर, बारकूच्या नावानं एकदा करंजाची होऊन जाऊ द्या." आणि पंगतभर माना हलल्या. तुझ्या घरात, तुझ्याच नावाच्या पानावर बसून.

मी पानावर पाणी सोडलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. टोपण, भोक, राळ, अंगठा, फुस्स. होडीत चौदा माणसं होती हेसुद्धा. मी संपवलं. मग शेठनं लाडू गिळला आणि हसायला लागला.

"ही नवीन हाय. पयल्यापेक्षा झकास. टाकीला श्वास लागतो म्हनं."

"टाकीला दमा झाला असंल," दुसरा म्हणाला.

मी म्हणालो, "शेठ, खरं सांगतोय. आईशप्पत."

"दर येळी शप्पत घेता की वो तुमी. पनवेलच्या येळीबी घेतली हुती." आणि मग शेठ एकदम हळवा झाला, डोळे पुसत पंगतीला म्हणाला, "बघा रं, मेलेल्या दोस्तासाठी सगळं स्वतःवर घेतोय. मन लागतं त्येला."

बघ बारक्या. तीन वर्षं खोटं बोललो तर लोकांनी मला हुशार म्हटलं, आणि एकदा खरं बोललो तर मोठ्या मनाचा. तू तसाच राहिलास, करंज्या.

मागच्या दारी हात धुवायला गेलो. वहिनी तांब्या घेऊन उभी होती. तिला सांगायचं मला धाडस नव्हतं, पण तिनं आतून ऐकलं होतं. पाणी ओतता ओतता म्हणाली, "भावजी, त्यांना ठावं व्हतं."

"काय?"

"राळेचं. त्याच दिशी सांगितलं मला. काठाला लागल्यावर दिसली म्हनं, टोपनावर अंगठ्याचा ठसा."

मी म्हणालो, "मग बोलला का नाय?"

"मीबी तेच इचारलं. म्हनाले, मला शेड पोसतं, धर्माला मानसं पोसतात. त्याच्या मोटारीत बसायला मानसं भ्याली तर तो खाईल काय?" तिनं तांब्या रिकामा केला. "मी म्हटलं, आनि तुमचं नाव? तर म्हनाले, तो सांगंल कदीतरी. फेकाड्या हाय, पन वाईट नाय."

मी ओल्या हातांनी तसाच उभा राहिलो. तुझा मला इतका राग आला, बारक्या, की तू समोर असतास तर तुझ्या त्या पिंकेच्या डब्यासकट तुला उल्हास नदीत टाकलं असतं. असं कुणी करतं का? तीन वर्षं तू मागं उभा राहून वाट पाहत होतास. आणि मी आपट्याला होडी थांबवू की पनवेलला, एवढाच विचार करत होतो. आणि "फेकाड्या हाय, पन वाईट नाय" हे तुझं मत. हे मत खरं करून दाखवायचं ओझं माझ्या डोक्यावर टाकून तू गेलास. याला माणुसकी म्हणत असतील लोक. मला ते पेट्रोलचा घोट गिळल्यासारखं वाटतं, अजून वर येतं.

माझ्या तोंडावर कुणाचा विश्वास नाही हे कळलं. मग इंजनालाच बोलायला लावायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी पोटमाळ्यावर चढलो.

तीन वर्षांत करंज आणि पेट्रोल मिळून आत काय झालं होतं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर वाढवतोय म्हणशील, आणि ह्या वेळी खरंच वाढवावं लागत नाही. खडे घातले, रॉकेल घातलं. टाकी एकट्यानं हलवता येत नाही, म्हणून गोठ्यातल्या आढ्याला दोरानं टांगून हलवली. नळी पुन्हा कुजली होती. त्या केसाएवढ्या भोकात काळा डिंक बसला होता. मी तार हातात घेतली, ठेवली, आणि म्हशीच्या मागं गेलो. तिनं दोनदा लाथ मारली. तुझ्या बैलापेक्षा तिचा नेम चांगला आहे. पितळी वाटी उघडली. सगळ्या घाणीत तुझा पांगाऱ्याचा तुकडा. पुसला, पाण्यात टाकला. तरंगला. त्यावर मी काय केलं ते लिहीत नाही. गोठ्यात कुणी नव्हतं.

माझ्या मोटारीचं कुपनाचं पेट्रोल काढलं. मोटार उभी आहे, उतारू शिव्या देतायत, देऊ देत. करंज तेल तेच घेतलं, तू आणायचास त्याच घाण्यावरचं. तीन वेळा गाळलं. शेठच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, चला. तो म्हणाला, "आता काय नवीन?" मी म्हणालो, "नवीन काय नाय. जुनंच."

आज सकाळी नदीवर गेलो. कोंडूनं इंजन पाहिलं आणि उजवा खांदा डाव्या हातानं धरला.

"पुन्यांदा, डायवर?"

"टोपण बघ. तूच बघ. भोक उघडं हाय का?"

त्यानं डोळा लावून पाहिलं. बोटानं चाचपलं. "हाय."

"त्यावर कायबी लावायचं नाय. पाऊस आला तर इरलं धर, पन भोक बुजवायचं नाय."

"आनि तेल?"

"करंज."

शेठनं नाकाला उपरणं लावलं. दोरी ओढली. करंजाचा धूर निघाला, तोच, तसाच, आतडी ढवळणारा. पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या नऊ-दहा बाया होत्या, त्यांनी पदर नाकाला लावले आणि मला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. नदीच्या मधोमध आलो. मी टाकीकडे पाहत होतो. कोंडू टाकीकडे पाहत होता. शेठ माझ्याकडे पाहत होता. इंजन चालत राहिलं. पैलतीराला लागलो. शेठ उतरला नाही. म्हणाला, "परत चल." परत आलो. "पुन्हा." पुन्हा गेलो. चौथ्या फेरीला त्यानं उपरणं नाकावरून खाली घेतलं आणि विचारलं, "हे तेच त्याल?"

"तेच."

"आनि वाटीतला तुकडा?"

"बारकूचाच."

त्यानं उपरण्याची घडी करून खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "माझं इंजन तीन वर्सं धड चाललं नाय." उतरताना टोपी काढून हातात धरली होती.

त्यानंतर दुपारपर्यंत कोंडूनंच चालवलं. मी नुसता बसलो होतो. सात फेऱ्या झाल्या. वल्हं होडीच्या तळाशी पडून होतं. शेवटच्या फेरीला भाजीवाली एक बाई माझ्यासमोर बसली होती, मला ओळखणारी. नदीच्या ऐन मध्यावर, जिथं त्या दिवशी होडी तिरकी झाली होती तिथं, तिनं मोठी जांभई दिली.

"डायवर, आज गप? सांगा की कायतरी," ती म्हणाली.

मी आठवून पाहिलं, बारक्या. सकाळपासून सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.